चाल गाण्याचा गुन्हा

तमाम मराठी रसिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ऐंशीच्या दशकात, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या श्रूजबरी या गावी, एका चर्चच्या गायकवृंदातून एका मराठी गृहिणीची हकालपट्टी होण्याची वेळ आली होती. आरोप साधासुधा नव्हता. ती गाण्याची चाल गात होती.

ती गृहिणी मी. आरोप खरा होता. पुरावा म्हणून कॅसेटही होती आणि कॅसेटवर माझा आवाज, खोटं कशाला सांगू, फार छान आला होता.

झालं असं. आम्ही श्रूजबरीला राहायला गेलो तेव्हा मुलगी शाळेत जायला लागली होती, नवरा सकाळी सातला गाडी काढायचा, आणि माझ्या वाट्याला घर, बर्फ आणि गळा एवढंच उरायचं. गळा म्हणजे लहानपणी सहा वर्षं पेटीवर आणि पुढे चार वर्षं तंबोऱ्यावर शिकलेला, परीक्षा दिलेला, बक्षीसबिक्षीस मिळवलेला गळा. एका सकाळी ड्राइव्हवेतलं बर्फ फावड्याने ढकलता ढकलता मी तोडी आळवत होते. शेजारची बाई गावच्या वाचनालयात काम करायची. ती आपलं फावडं टेकून ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "तू गातेस! गुरुवारी माझ्याबरोबर चल. आमच्याकडे आल्टो कमी आहेत."

आल्टो म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पण कुठेतरी आपली कमतरता भासते आहे, हे अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच कानावर पडलं होतं. मी गेले.

चर्चच्या तळघरात तीसएक माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसली होती. त्यांतली पाच-सहा घरं मूळची वेल्सची, बाकीचे माझ्यासारखे ओढून आणलेले. समोर मास्तर. मी त्यांना मनातल्या मनात मास्तरच म्हणायची. सत्तरी उलटलेले, उंच, आणि भुवया इतक्या दाट की खाली उभं राहिलं तर भिजायला होऊ नये. पोटापाण्यासाठी ते लोकांचे पियानो सुरात लावून द्यायचे. त्यांचे आजोबा वेल्समधून व्हरमाँटला पाटीच्या दगडाच्या खाणीत काम करायला आले होते. ज्या पाटीवर आपण ग म भ न गिरवलं त्या पाटीचा दगड फोडणारी ही माणसं. तेव्हा लांबचं का होईना, आमचं नातं होतंच.

मास्तरांनी मला गायला सांगितलंच नाही. आधी एक शब्द म्हणायला लावला. वेल्सच्या भाषेत 'र' चांगला खणखणीत लागतो आणि अमेरिकन जिभेला तो काही केल्या उठवता येत नाही. मास्तर वर्षानुवर्षं त्या एका 'र'साठी झुरत होते. मी आपला 'रविवार' म्हणावा तसा सहज म्हटला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटला.

"ऐकलंत?" ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "असा असतो तो. माझी आजी गेल्यावर आज ऐकला."

माझी निवड झाली. दहा वर्षांची तालीम बाजूला, बाराखडीच्या जोरावर.

त्या भाषेचं बाकीचंही मला फारसं जड गेलं नाही. अमेरिकन मंडळी त्या भाषेच्या स्पेलिंगांशी झगडत असायची, मी सगळं देवनागरीत उतरवून घेतलं होतं. फक्त एक 'ल' असा होता की जीभ 'ल'च्या जागी ठेवायची आणि वारा गालातून सोडायचा, प्रेशर कुकरसारखा. तो मी 'ल'च्या डोक्यावर शिट्टी काढून लिहायची.

खरी पंचाईत पुढे होती. मास्तर वेल्सची जुनी लोकगीतं घ्यायचे, त्यांच्या आजीने, आजीच्या शेजारणीने गायलेली, आणि ती स्वतः चार आवाजांत मांडून, हाताने लिहून, झेरॉक्स काढून आम्हाला वाटायचे. चार आवाज म्हणजे वरच्या पट्टीतल्या बायका, खालच्या पट्टीतल्या बायका, आणि तसेच दोन प्रकारचे पुरुष. वरच्या बायका सोप्रानो. त्यांना चाल मिळते. खालच्या आल्टो. त्यांना काय मिळतं? मराठी वाचकाला एका वाक्यात सांगते. सोप्रानोंना पुरण मिळतं आणि आल्टोंना डाळ शिजवून उरलेलं पाणी. आता त्या पाण्याची कटाची आमटी होते, आणि आमटीवाचून पोळीला मजा नाही, हे मला मान्य आहे. पण समोर पुरण शिजत असताना मुकाट्याने पाणी ढवळत राहायचं, याला जो संयम लागतो तो माझ्या घराण्यात नाही.

त्यातलं एक गाणं मास्तरांच्या जिवाचं. त्यांची आजी कणीक तिंबताना ते म्हणायची. एक बाई खाडीच्या काठावर उभी राहून होडीची वाट बघते. पहिल्या कडव्यात होडी येत नाही. दुसऱ्या कडव्यातही येत नाही. तिसरं कडवं आल्टोंनी सुरू करायचं, एकट्यांनी, एकच सूर. दोन ओळी तोच सूर. मग हळूच बाकीचे येतात, सोप्रानो वर चाल धरतात, आणि आल्टोंनी काय करायचं? तोच सूर. शेवटपर्यंत. होडी येत नाहीच.

दोन ओळी मी छान टिकायची. पण वर चाल सुरू झाली की माझा गळा, मांजर दुधाच्या पातेल्याकडे वळावं तसा, तिकडे वळायचा. आपण वळलो हे मला कळायचंसुद्धा नाही. आपल्याकडे गाणं म्हणजे चाल. पेटीवाला गाणाऱ्याच्या मागून जातो, सारंगीवाला मागून जातो, भजनाला बसलेली अख्खी आळी मागून जाते. दुसरी माणसं चाल गात असताना आपण भलतंच काही गात राहायचं, हा आपल्याकडे उद्धटपणा आहे.

एका गुरुवारी मास्तरांनी तालमीची कॅसेट भरली आणि आम्हाला ऐकवली. तीस माणसं धुक्यासारखी मऊ गात होती. त्या धुक्यातून तिसऱ्या कडव्यात एक आवाज उठला, सोप्रानोंना जाऊन मिळाला, त्यांच्यापुढे गेला, आणि होडी येत नाही म्हणताना 'नाही'वर एक मुरकी घेऊन खाली आला.

तीस माना माझ्याकडे वळल्या.

"सुंदर होतं," शेजारीण पुटपुटली.

"फार सुंदर होतं," मास्तर म्हणाले. "फक्त ते या गाण्यात नव्हतं."

तालीम संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. मार्चच्या पहिल्या रविवारी वेल्सच्या संताच्या दिवसानिमित्त कार्यक्रम होता. "तिसऱ्या कडव्यात तुम्ही तुमच्या सुरावर राहिलात तर आपण पुढेही बरोबर गाऊ," ते म्हणाले. "नाही राहिलात, तर मला वाटतं तुम्ही आमच्या फार चांगल्या श्रोत्या व्हाल." ते इतक्या मायेने म्हणाले की मी थँक यू म्हणून बाहेर आले. गाडीत बसल्यावर अर्थ लागला.

कुणी म्हणेल, त्यात काय मोठंसं. पण गुरुवारचे दोन तास मी कुणाची बायको नव्हते, कुणाची आई नव्हते आणि पॉटलकच्या सामुदायिक जेवणाला भाजी करून नेणारी वहिनीही नव्हते. मी आल्टोंच्या रांगेत डावीकडून दुसरी होते. ती जागा मला हवी होती.

त्याच जानेवारीत सांगलीहून सासूबाई आल्या.

सासूबाईंची एक ओळख करून देणं भाग आहे. त्या संगीत नाटकांच्या भक्त. वन्समोर देण्यात त्यांचा हात धरणारं सांगलीत कुणी नव्हतं. नटाने पद संपवून विंगेकडे पाऊल टाकलं की सासूबाई तिसऱ्या रांगेतून त्याला परत आणायच्या. एकाला त्यांनी एकच पद चार वेळा म्हणायला लावलं होतं, पाचव्यांदा तो बिचारा आडून हात जोडत होता, असं त्या अभिमानाने सांगत. सून गाणारी म्हणूनच त्यांनी मला पसंत केलं होतं. हेही त्या सांगत, स्वयंपाकाचा विषय निघाला की.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्या. मी सिंकपाशी भांडी विसळत माझा सूर धरला होता.

"हे काय गं?"

"कार्यक्रमातलं गाणं, आई."

"कुठंय गाणं?"

"हाच माझा भाग."

"आणि बाकीचं?"

"ते बाकीच्या बायका म्हणतात."

त्यांनी शाल सारखी केली. "आणि तुला एवढंच दिलं? तू काही बोलली नाहीस? का मी येऊ त्या मास्तरांकडे?"

मी त्यांना मास्तरांचं म्हणणं समजावून सांगितलं. मास्तर आल्टोंना नेहमी सांगायचे, तुमचा आवाज मला वेगळा ऐकू येता कामा नये, पण तुम्ही नसलात तर मला लगेच कळलं पाहिजे.

"अगं, हे तर आमच्या वेळच्या सुनांचं वर्णन झालं," सासूबाई म्हणाल्या. "मी एवढा समुद्र ओलांडून आले ती तुझं गाणं ऐकायला. ऐकू न येणारं गाणं मला सांगलीत बसून ऐकता आलं असतं."

आता माझी अवस्था बघा. मास्तरांना मी ऐकू आले तर मी गेले. सासूबाईंना ऐकू आले नाही तरीही गेले.

दोन-तीन दिवस त्यांनी माझा तो सूर सहन केला. मग एका दुपारी वैतागून म्हणाल्या, "त्या तंबोऱ्यालासुद्धा चार तारा असतात गं!"

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तंबोरा! चार वर्षं मी तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या गाण्याच्या बाईंनी पहिले सहा महिने फक्त 'सा' लावायला लावला होता. गाणारा कुठेही जावो, खाली, वर, चुकून भलतीकडे, तंबोरा कधी त्याच्या मागे गेलाय? माझं हेच चुकत होतं. मी गाणारी बाई म्हणून त्या रांगेत उभी राहत होते. मला तार म्हणून उभं राहायला हवं होतं.

"आई, तुम्ही गा," मी म्हटलं. "काहीही गा. जोरात. मी माझ्या सुरावर राहते. मी तुमच्यामागे आले तर सांगा."

त्यांना हे निमंत्रण दोनदा द्यावं लागलं नाही. त्यांनी पदर खोचला आणि नाटकातलं एक पद असं काही सुरू केलं की वरची कपाटं हलली. मी सूर धरला. दुसऱ्या ओळीला घसरले.

"आलीस!" त्या ओरडल्या. "पुन्हा!"

मग रोज दुपारी हा तमाशा. त्या तान घेऊन मला भुलवायच्या, समेवर माझ्याकडे बघून भुवई उडवायच्या. मुलगी शाळेतून आली की तीही टीव्हीवरच्या शाम्पूच्या जाहिरातीचं गाणं घेऊन सामील व्हायची. नवरा एकदा लवकर घरी आला आणि दारात तसाच उभा राहिला. एक बाई ताना घेतेय, एक पोरगी शाम्पू विकतेय, आणि मधोमध त्याची बायको हातात लाटणं घेऊन 'आ' करून उभी.

"सगळं ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

मी सूर सोडला नाही. सासूबाईंनी त्याला हातानेच गप्प केलं. "बोलू नकोस तिच्याशी. ती तंबोरा आहे."

फेब्रुवारी संपता संपता मी घसरायची थांबले.

रविवार उजाडला. कार्यक्रम दुपारी तीनला होता. नवऱ्याने उत्साहाच्या भरात दोन मराठी कुटुंबांना फोन केले होते, त्यामुळे दोन स्टेशन वॅगन भरून मंडळी आली आणि चौथी रांग अडवून बसली. सासूबाई मधोमध, जरीची साडी, वर माझ्या नवऱ्याचं जाकीट, पायांत बर्फाचे बूट. दारात प्रत्येक वेल्सवाल्याने कोटावर एकेक लीक टाचून लावला होता. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. त्या दिवशी तो छातीवर मिरवायचा असा त्यांचा रिवाज आहे.

"हे पात लावून का हिंडतायत?" सासूबाईंनी विचारलं.

"त्यांची पद्धत आहे, आई."

"मग नंतर काय करतात तिचं? वाया नको जायला. झुणका होईल दोन वेळचा."

चर्चमध्ये हीटर इतका तापला होता की मध्यंतरानंतर मास्तरांनी कोट काढून लांब ऑर्गनच्या बाकावर टाकला आणि लीक सदऱ्याच्या खिशात खोचला. मग आजीचं गाणं आलं. मास्तरांनी नेहमीप्रमाणे सूर काढायचा लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, आम्हाला सूर दिला, आणि तो चिमटा नेऊन कोटाच्या खिशात ठेवून आले. नीटनेटका माणूस.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला आम्ही तिघी आल्टोंनी, मी मधली, सूर लावला. दोन ओळी. वर सोप्रानो आल्या. ती चाल, काय सांगू, त्या दिवशी इतकी गोड लागली होती की मला माझ्या पायांच्या बोटांपासून ओढ जाणवली. मी डोळे मिटून मनात तंबोरा उभा केला. चाल माझ्या डोक्यावरून गेली, फिरली, परत आली. मी तार होते. शेवटचा शब्द विरला. मास्तरांचा हात हवेतच होता. गाणं संपल्यावर हात खाली येईपर्यंत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही, असा त्यांचा दंडक. त्या शांततेत त्यांनी आल्टोंकडे बघून एक भुवई वर केली. फक्त मला कळावं एवढीच.

मी राहिले होते! डावीकडून दुसरी, कायमची!

"वन्समोर!"

चौथी रांग. तो आवाज सांगलीच्या थेटरात शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा, चर्चची काय कथा.

"आजी, यू कान्ट शाउट इन चर्च!" माझी मुलगी किंचाळली.

पण बाण सुटला होता. मराठी मंडळींना सवयच. एक काका उभे राहून ओरडले, "वन्समोर!" आणि हा शब्द इंग्रजीच असल्यामुळे चर्चमधल्या प्रत्येक अमेरिकन माणसाला तो पहिल्या फटक्यात समजला. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने काठी आपटली. "येस! वन्स मोर!" तो म्हणाला. मग टाळ्या.

सासूबाईंनी तो वन्समोर गाण्याला दिला नव्हता, हे मला घरी गेल्यावर कळलं. सून ऐकू आली नाही, म्हणून दिला होता.

मास्तर लालबुंद झाले. इतक्या वर्षांत त्यांच्या आजीचं गाणं कुणी परत मागितलं नव्हतं. त्यांनी आमच्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि घाईघाईने म्हणाले, "शेवटचं कडवं."

शेवटचं कडवं म्हणजे आल्टो. एकट्या. आणि सूर? मास्तरांचा हात खिशाकडे गेला. खिशात लीक. दुसऱ्या खिशात रुमाल. चिमटा कोटात, कोट ऑर्गनपाशी. माझ्या डावीकडची बाई फाइल मिटून बसली होती, ती पान शोधायला लागली. उजवीकडची माझी शेजारीण माझ्याकडेच बघत होती. मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझायला लागलं.

मी 'सा' लावला.

शोधावा लागला नाही. दोन महिने सिंकपाशी धरलेला सूर कुठे जातोय? तो लागला, वरच्या लाकडी छताला जाऊन भिडला आणि तिथून परत माझ्याकडे आला. डावीकडची अजून पानंच उलटत होती. शेजारीण तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली. मी एकटी. एक ओळ झाली. दुसरी झाली. आता मास्तरांनी बाकीच्यांना हात द्यायचा. पण मास्तरांनी डोळे मिटले होते, भुवया खाली आल्या होत्या, आणि हात द्यायचं ते साफ विसरून गेले होते. सोप्रानो त्यांच्या हाताकडे बघत थांबल्या. पुरुष थांबले. मी सूर धरून उभी. तार थोडीच आपणहून थांबते? तिसरी ओळ गेली. छातीतला वारा संपत आला. मी चौथ्या रांगेकडे बघितलं. सासूबाई बसल्या जागेवरून उठल्या होत्या. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, ती तीस गप्प माणसं बघितली, आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "ऐकू आलं गं! आता बाकीच्यांनाही गाऊ दे की!"